सामूहिक वैद्यकीय व्यवसाय आणि लेखी करार

लोणावळ्यालगतच्या कुसगावसारख्या गावी रात्री-अपरात्री रुग्ण आला की एकट्या डॉक्टरवर सारा भार पडतो. तिघाचौघा डॉक्टरांनी भागीदारीत दवाखाना चालविल्यास पाळ्या लावता येतात. मात्र मैत्रीत कागद कशाला, हा संकोच येथे उपयोगाचा नाही.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ अन्वये करारात अन्यथा नमूद नसल्यास नफा समान वाटला जातो. रात्रपाळ्या कोणी अधिक केल्या, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तशी तरतूद नसल्यास एका भागीदाराच्या निधनानेही भागीदारी संपुष्टात येते. म्हणून पाळ्या, रजा, यंत्रसामग्रीचा खर्च आणि निवृत्त होणाऱ्याचा हिस्सा आरंभीच लेखी ठरविणे अगत्याचे होय.

रुग्णाचा संबंध येतो तो केसपेपरशी. तो एका डॉक्टरच्या खणात न राहता सर्वांच्या हाताशी असावा. रात्री दिलेले औषध सकाळच्या डॉक्टरला कळलेच पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचारारंभापासून ३ वर्षे जतन करावयाच्या असून, मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्यावयाच्या असतात. रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या खाजगी रुग्णालयास १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी आवश्यक असते. तिचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेले आहे काय, हे ग्रामपंचायत सदस्यांनाही सहज पाहता येईल.