धातूची कीर्द-खतावणी

व्यापारी घराण्यांत वहीला मान असतो, कारण तिच्यातील प्रत्येक आकड्यामागे दाखला उभा असतो. पावतीवाचून नोंद करायची नाही आणि केलेली नोंद खोडायची नाही, हे दोन नियम पेढीवर बसणारा मुलगा सर्वांआधी शिकतो. यंत्रे, पूल आणि मोटारी घडविणाऱ्या अभियंत्यांनाही अशीच एक वही सांभाळावी लागते. तिच्यात रुपयांऐवजी धातूंचे गुणधर्म लिहिलेले असतात.

एखादी तुळई किती भार पेलेल, हे ठरविताना अभियंता पोलादाच्या एका आकड्यावर विसंबतो. किती ताणानंतर धातू कायमचा वाकू लागतो, त्याची ती मर्यादा होय. भारतीय मानक आयएस 2062 मधील ई 250 या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रतीची ही मर्यादा 20 मिलिमीटरपेक्षा कमी जाडीला किमान 250 मेगापास्कल आहे. 20 ते 40 मिलिमीटरपर्यंत ती 240 आणि त्यापुढे 230 होते. प्रत एकच, आकडे तीन. जाडीचा उल्लेख गाळून कोणी नुसते 250 लिहून ठेवले, तर जाड प्लेटचे गणित चुकते आणि ती चूक सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अनेक कारखान्यांत असे आकडे विखुरलेले असतात. आराखडा विभागाची यादी वेगळी, खरेदी विभागाची वेगळी आणि चाचणी प्रयोगशाळेची तिसरीच. एखाद्या मालाच्या चाचणीत 310 आले, म्हणून कोणी तोच आकडा आराखड्यात वापरला, तर पुढचा माल जेमतेम 250 चा येऊ शकतो. एका दिवाळीची विक्री पाहून वर्षभराचे कर्ज मंजूर करण्यासारखेच ते आहे.

यावरचा उपाय म्हणजे सर्व विभागांसाठी एकच खतावणी. प्रत्येक आकड्याबरोबर त्याचे एकक, चाचणीची पद्धत, तापमान, जाडी, मूळ आधार आणि मान्यता देणाऱ्याचे नाव नोंदवायचे. आकडा बदलला, तर जुना पुसायचा नाही, ‘रद्द’ अशी खूण करून ठेवायचा. केंब्रिज विद्यापीठातील मायकेल ॲशबी आणि डेव्हिड सेबन यांनी 1994 मध्ये ग्रँटा डिझाइन ही कंपनी स्थापन केली, ती अशाच संगणकीय व्यवस्थेसाठी ओळखली गेली.

या साखळीत व्यापाऱ्याचे स्थान मधले, पण मोलाचे आहे. 304 आणि 316 या स्टेनलेस स्टीलच्या प्रती डोळ्यांना सारख्याच दिसतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे खाऱ्या हवेत आणि पाण्यात ती अधिक टिकते. हा फरक गोदामात नजरेने कळत नाही. तो कळतो मालावरच्या हीट नंबरवरून आणि त्याच्याशी जुळणाऱ्या प्रमाणपत्रावरून. युरोपीय मानक ईएन 10204 नुसार मध्यस्थाने उत्पादकाचे प्रमाणपत्र मूळ स्वरूपात किंवा त्याची प्रत कोणताही फेरफार न करता पुढे द्यावयाची असते. माल कोणत्या प्रमाणपत्राचा, हेही ओळखता आले पाहिजे.

हा विश्वास ढळला, तर काय होते, हे जपानच्या कोबे स्टीलने जगाला दाखविले. ऑक्टोबर 2017 मध्ये ॲल्युमिनियम व तांब्याच्या मालाच्या तपासणीचे आकडे बदलल्याची कबुली या कंपनीने दिली. विमाने, मोटारी आणि रेल्वेगाड्या बनविणाऱ्या सुमारे 500 ग्राहकांना आपापला माल पुन्हा तपासावा लागला. 1905 पासून जमविलेली पत काही कागदांवरच्या आकड्यांनी पणाला लागली.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात रोज असंख्य प्लेट कापल्या जातात. हीट नंबर असलेला तुकडा विकला गेला की उरलेली प्लेट निनावी होते. कापण्यापूर्वी तो नंबर उरणाऱ्या भागावर उतरवून घ्यावा आणि प्रमाणपत्राची प्रत विक्रीच्या बिलाला जोडून जपावी, एवढीच शिस्त पुरेशी आहे. त्यासाठी लागतात दोन मिनिटे आणि रंगाचा एक खडू. त्या दोन मिनिटांवर दूरच्या एखाद्या अभियंत्याचे गणित आणि त्या गणितावर उभ्या राहणाऱ्या पुलावरून जाणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.