गाडीची कॅम्पर व्हॅन करताय? विम्याचं आधी बघा

चाकण-भोसरी पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम करणारे भरपूर. त्यामुळे व्हॅनमध्ये बेड, छोटं किचन, जादा बॅटरी बसवून घेणं इथे अवघड नाही. पण अपघात झाला की विमा कंपनी आधी आरसी बघते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेतले बदल आरसीवर नोंदवावे लागतात. नोंद नसेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

मग विमा कोणता घ्यायचा?

• थर्ड पार्टी: कायद्याने सक्तीचा. पण यात तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही.

• कॉम्प्रिहेन्सिव्ह: अपघात, चोरी, आग, पूर यांत स्वतःच्या गाडीलाही संरक्षण.

• अ‍ॅक्सेसरीज: नंतर बसवलेला फ्रिज, इन्व्हर्टर, सोलर पॅनेल यांची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्या. बिलं जपून ठेवा.

• इंजिन प्रोटेक्ट: साचलेलं पाणी शिरून इंजिन बिघडलं, तर साधी पॉलिसी सहसा तो खर्च देत नाही. पावसाळ्यात फिरणार असाल तर हे अ‍ॅड-ऑन घ्याच.

गाडी भाड्याने देणार असाल तर खासगी पॉलिसी चालत नाही. नोंदणी आणि विमा, दोन्ही व्यावसायिक लागतात.

म्हणून गाडी वर्कशॉपला लावण्याआधीच पिंपरी-चिंचवड आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारा. कंपनीचं उत्तर लेखी घ्या.