‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट’ म्हणजे काय? काठीचं नाव १८७४ च्या कायद्यात कसं आलं?

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी राजवाडी होळीमुळे दरवर्षी बातम्यांत येतं. पण हे नाव ब्रिटिशांच्या एका कायद्यातही छापलं गेलं होतं. तो कायदा म्हणजे १८७४ चा ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट’. हा शब्द आता कालबाह्य झालाय, त्याची सावली मात्र आजच्या सातबाऱ्यावरही आहे.

लॅटिनमध्ये ‘शेड्युला’ म्हणजे कागदाची चिठ्ठी. पुढे कायद्याला जोडलेल्या यादीला शेड्यूल म्हणू लागले, मराठीत अनुसूची. १८७४ च्या यादीतल्या मुलखाला सर्वसाधारण कायदे सरसकट लागू धरले जात नसत. कोणता कायदा चालेल, कोणता नाही, हे सरकार अधिसूचना काढून ठरवी. न्यायनिवाडा आणि महसुलासाठी अधिकारीही सरकारच नेमी. तिथल्या लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

मुंबई इलाख्याच्या यादीत सिंध आणि एडनसोबत खानदेशातल्या सहा ‘मेहवासी’ प्रमुखांची गावं होती. मेवासी म्हणजे सहजी सरकारला न जुमानणारा मुलूख. गुजरातेत शांतपणे सारा भरणाऱ्या गावांना ‘रास्ती’ म्हणत, त्याच्या उलट. सहांमध्ये एक नोंद ‘पारवी ऑफ काठी’ अशी आहे. पारवी म्हणजे आपले पाडवी! ‘वालवी’ म्हणजे वळवी. साहेबांच्या लेखणीत आडनावांच्या जणू पदव्या झाल्या.

१९३५ च्या कायद्यानंतर ‘अंशतः वगळलेलं क्षेत्र’ असा नवा शब्द आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ‘अनुसूचित क्षेत्र’ आलं, तेव्हाही मेहवासी प्रमुखांच्या गावांचा उल्लेख कायम होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या इस्टेटींचे मालकी हक्क संपले. १९८५ च्या आदेशात प्रमुखांची नावं नाहीत, थेट अक्कलकुवा तालुका आहे.

मग बदललं काय? राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपाल आजही एखादा कायदा अशा क्षेत्राला लागू नाही किंवा बदलून लागू, असं जाहीर करू शकतात. यंत्रणा जवळपास १८७४ चीच, हेतू मात्र आदिवासींच्या जमिनीचं रक्षण. याच अधिकारात २०१६ मध्ये महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेत बदल झाला. अनुसूचित क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती लागते.