मृदाविरहित जरबेरा लागवडीतील मूळकूज : कारणे व प्रतिबंध

प्रस्तावना :
मातीऐवजी कोकोपीटसारखे माध्यम व पोषणद्रावण यांच्या आधारे पीक घेण्याच्या पद्धतीस मृदाविरहित शेती असे म्हणतात. हरितगृहातील जरबेरा जमिनीतील रोगजंतूंपासून दूर ठेवण्यास ही पद्धत उपयुक्त ठरते. तथापि निचऱ्याचे द्रावण पुन्हा वापरल्यास एका रोपाचा रोग त्याच पाण्यातून सर्व रोपांपर्यंत पोहोचतो. जरबेराचे पीक दोन ते तीन वर्षे फुले देते. मुळे आरंभीच कुजल्यास रोपांवरील खर्च वसूल होण्यापूर्वीच पीक हातचे जाते.

कारणमीमांसा :
पिथियम व फायटोफ्थोरा हे या रोगाचे प्रमुख कारक होत. ते बुरशीसारखे दिसत असले तरी खऱ्या बुरशींत मोडत नाहीत. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके त्यांच्यावर प्रभावी ठरत नाहीत. त्यांचे चलबीजाणू पाण्यात पोहतात व मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांकडे आकृष्ट होतात.

रोगकारकाइतकेच महत्त्व प्राणवायूस आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांस सुमारे ७.५ मि.ग्रॅ. याउलट तापमानाबरोबर मुळांचे श्वसन वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. गुदमरलेली मुळे रोगास सहज बळी पडतात. पिथियम अफॅनिडर्मॅटम ही जाती तर उष्ण पाण्यातच अधिक फोफावते. त्यामुळे महाराष्ट्रातील उन्हाळा विशेष धोक्याचा ठरतो.

लक्षणे :
निरोगी मुळे पांढरी असतात. रोगट मुळे तपकिरी होतात व ओढताच त्यांची साल निसटून आतील धागा उरतो. पाणी असूनही रोप दुपारी कोमेजते. हे तहानेचे लक्षण समजून पाणी वाढविल्यास माध्यमातील हवा कमी होते आणि रोग बळावतो.

प्रतिबंधात्मक उपाय :
१) द्रावणाची टाकी सावलीत व झाकलेली ठेवावी, तापमान शक्यतो १८ ते २२ अंश राखावे.
२) केवळ द्रावणात वाढणाऱ्या पिकास हवापंपाने सतत प्राणवायू पुरवावा, कोकोपीटमध्ये दोन पाळ्यांत निचऱ्यास पुरेसा अवधी द्यावा.
३) मुळे व पाने जेथे जुळतात तो क्राऊन माध्यमाच्या १ ते २ सें.मी. वर राहील अशी लागवड करावी.
४) सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा.
५) निचऱ्याचे द्रावण मंद वाळूगाळणीतून अथवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करूनच पुन्हा वापरावे. अतिनील प्रक्रियेपूर्वी द्रावण गाळावे, कारण गढूळ पाण्यात किरण खोलवर पोहोचत नाहीत.
६) रोगट रोपे मुळांसह त्वरित काढावीत व अवजारे निर्जंतुक करावीत.
७) ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचा वापर लागवडीच्या वेळीच करावा.

निष्कर्ष :
कुजलेले मूळ पूर्ववत होत नाही. औषध केवळ प्रसार रोखू शकते. म्हणून मूळकुजीचे व्यवस्थापन हा प्रथमतः पाणी, हवा व तापमान यांच्या नियोजनाचा विषय असून औषधयोजनेचे स्थान त्यानंतरचे आहे. थर्मामीटर व सामूमापक यांची दैनंदिन नोंद आणि आठवड्यातून एकदा काही रोपांच्या मुळांची पाहणी हा अल्पखर्चिक परिपाठ उत्पादकाची मोठी हानी टाळू शकतो.