तलवार गेली, रंधा आला

आपल्या गावचा सुतार रंधा पुढे ढकलतो. जपानचा सुतार तो आपल्याकडे ओढतो. तिकडे रंध्याला ‘कान्ना’ म्हणतात. ओक नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचा ठोकळा, आणि त्यात तिरपे बसवलेले जाड पाते. बस्स, एवढाच रंधा! पण लाकडाचे सालपट निघते ते कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

सारी करामत पात्याची. जुने लोहार ते हाताने घडवीत. एका बाजूला कठीण पोलादाचा पातळ थर, दुसऱ्या बाजूला मऊ लोखंड. दोन्ही भट्टीत तापवायची आणि घणाखाली एकजीव करायची. मग पोलादाला पाणी द्यायचे.

दोन धातू कशाला? नुसते कठीण पोलाद ठोक्याने तडकते. ते दगडावर घासताना हातही दुखून येतात. नुसत्या लोखंडाला धार टिकत नाही. म्हणून पोलादाने धार धरायची, लोखंडाने त्याला सांभाळायचे.

तलवारीही अशाच कठीण आणि मऊ धातूंच्या जोडणीने होत. पण १८७६ साली जपान सरकारने हुकूम काढला. सैनिक, पोलीस अशा काहींखेरीज कोणी कमरेला तलवार लावायची नाही. तलवारी करणाऱ्यांचे पोट बुडाले. मग कित्येकांनी सुऱ्या, विळे, सुतारकामाची हत्यारे घडवायला घेतली. तलवारवाल्यांच्याच घराण्यातले चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) रंध्याच्या पात्यांसाठी नावाजले. त्यांची पाती लोक आजही जपून ठेवतात.

धंदा बुडाला, पण हातातली विद्या बुडाली नाही. तिने दुसरे काम शोधले.