परतीचे इंधन

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या पठारावर समुद्र नाही की बंदर नाही. तेव्हा डॉक्टरांच्या स्मरणिकेत यांत्रिक बोटीच्या इंधनाचा हिशेब कशासाठी, असा प्रश्न सन्माननीय वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला, अफझलपूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांना पाण्याने वेढा दिला आणि कोळारहून औषधांच्या पेट्या घेऊन निघालेल्या आम्हा तिघा डॉक्टरांना आयुष्यात प्रथमच बोटीत बसावे लागले. त्या दिवशी शिकलेले गणित मी अद्याप विसरलेलो नाही.

बोट रबरी होती. मागे २५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि २४ लिटरची काठोकाठ भरलेली टाकी. प्रवाहाच्या दिशेने ८ किलोमीटर अंतरावरील गावी आम्ही वीस मिनिटांत पोहोचलो. वाड्यावस्त्यांवर फिरून रुग्ण तपासेपर्यंत दुपार टळली. इतक्यात आणखी ४ किलोमीटर खालच्या एका वस्तीवरून दूरध्वनी आला. एका वृद्ध मधुमेही गृहस्थांचे इन्सुलिन दोन दिवसांपूर्वी संपले होते आणि सकाळपासून उलट्या सुरू झाल्या होत्या.

मी टाकीत डोकावलो. पाऊण टाकीहून अधिक पेट्रोल शिल्लक होते. "चला," मी म्हणालो. नावाडी जागचा हलला नाही.

"डॉक्टरसाहेब, खाली जायला पेट्रोल आहे. वर यायला नाही."

मला त्याचा राग आला. समोर भरलेली टाकी दिसत असताना हा माणूस रुग्णाकडे पाठ फिरवतो, असे वाटले. परंतु बोट त्याची, पाणीही त्याच्या ओळखीचे. फोनवरून घरच्यांना पाणी पाजत राहण्याच्या सूचना देऊन आम्ही नाइलाजाने परतलो. जाताना वीस मिनिटे लागली होती. परतीस दीड तासाहून अधिक लागला. काठाला लागलो तेव्हा अंधार पडला होता आणि टाकीत जेमतेम साडेचार लिटर पेट्रोल उरले होते.

त्या रात्री झोप येईना, म्हणून कागद-पेन्सिल घेतली. पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण एक तृतीयांश लिटर पेट्रोल लागते. डिझेल इंजिनाला सुमारे एक पंचमांश लिटर डिझेल. म्हणजे आमच्या इंजिनाचा खर्च ताशी आठ-नऊ लिटर. हिशेबास नऊ धरले. बोटीचा संथ पाण्यातील वेग ताशी १५ किलोमीटर, प्रवाहाचा वेग ताशी १०. जाताना काठाच्या हिशेबाने वेग २५, परतताना अवघा ५. इंजिन मात्र दोन्ही वेळा सारखेच पेट्रोल पिते. म्हणून जाण्यास ३ लिटर, तर परतीस १४.४ लिटर, म्हणजे जवळजवळ पाचपट. वस्त्यांवर फिरण्यात २ लिटर गेले होते. आणखी ४ किलोमीटर खाली गेलो असतो तर जाण्यास दीड आणि तेवढेच अंतर परत येण्यास ७ लिटर अधिक लागले असते. मुक्कामापासून सुमारे सव्वादोन किलोमीटर अलीकडे, भर प्रवाहात आणि अंधारात, तो रुग्ण बरोबर असताना आमचे इंजिन बंद पडले असते.

इंधन किलोमीटरला लागत नाही, तासाला लागते. मोटारीच्या सवयीमुळे आपण हे विसरतो, कारण रस्ता वाहत नाही. एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश परतीस आणि एक तृतीयांश राखीव, हा बोटवाल्यांचा सर्वमान्य नियम आहे; पण तो संथ पाण्याचा. पुराच्या पाण्यात परतीचा हिशेब आधी मांडावा लागतो. वेगाचेही असेच. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग दुप्पट करावयाचा तर साधारणतः आठपट शक्ती लागते, म्हणून संथ पाण्यात हळू जाण्यातच काटकसर. प्रवाहाविरुद्ध मात्र फार हळू गेल्यास इंजिन पेट्रोल जाळत राहते आणि बोट जागच्या जागी राहते. गणिताने पाहता प्रवाहाच्या सुमारे दीडपट वेग तेथे सर्वांत किफायतीचा ठरतो.

१९७७ साली सर एडमंड हिलरी जेट बोटींचा ताफा घेऊन गंगासागराहून हिमालयाकडे निघाले, तेव्हा दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा तो सारा प्रवास प्रवाहाविरुद्ध होता. मात्र त्यांची परत फिरण्याची वाट प्रवाहाबरोबरची होती. आमचे नेमके उलट होते: सोपा भाग आधी, अवघड भाग नंतर. फसगत अशाच प्रवासात होते.

पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हेच गणित आपणा सर्वांच्या दारी आले. ७ घनमीटरचा मोठा ऑक्सिजन सिलिंडर भरलेला दिसतो. परंतु मिनिटाला १० लिटर प्रवाहाने तो सुमारे साडेअकरा तास पुरतो आणि १५ लिटरने पावणेआठ तास. रुग्णाला कलबुर्गीहून सोलापूर वा हैदराबादेस हलविताना वाटेतील खोळंबाही त्यात धरावा लागतो. त्या दिवसांत प्रत्येक सिलिंडरजवळ उभा राहताना मला तो नावाडी आठवे.

त्या वृद्ध गृहस्थांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच पोहोचलो; तीच बोट, तोच नावाडी आणि सोबत पेट्रोलचे दोन जादा कॅन. गृहस्थ ग्लानीत होते. बोटीतच सलाइन व इन्सुलिन सुरू केले आणि त्यांना कलबुर्गीस हलविले. ते बरे झाले. न झाले असते तर आदल्या दिवशीचा निर्णय योग्य होता, हे मी स्वतःला कितपत पटवू शकलो असतो, याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही. मात्र तो निर्णय योग्यच होता, हे कागदावरील आकडे सांगतात.

पूर पुन्हा येणार आहेत. आपल्या संस्थेच्या मदतपथकात औषधांच्या यादीशेजारी आणखी एक यादी असावी, अशी माझी नम्र सूचना आहे: इंजिनाचा ताशी खर्च, प्रवाहाचा वेग, परतीस लागणारे तास आणि राखीव इंधन. बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी ती भरावी, आणि नावाडी "नाही" म्हणाला तर रागावण्याआधी त्याला कारण विचारावे.