मे महिन्यात कुठे होती ही बुरशी?

बार्शीटाकळीचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांच्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि न्हाणीघराची फरशी बघता बघता कोरडी! तेव्हा कोपऱ्यात एक तरी काळा ठिपका दिसला होता का? आता श्रावणात चार दिवस झड लागू द्या. दारामागे, नळाखाली, छताच्या कडेला काळेहिरवे ठिपके हजर. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "भिंतीले बुरशी आली रे बाप्पा!"

आली, पण कुठून? गंमत म्हणजे ती मे महिन्यातही तिथंच होती. बुरशीचे बीजाणू हवेत कायम तरंगत असतात. ते इतके बारीक, की तुमच्या डोक्यावरचा केस त्यांच्यापुढे दहा-वीस पट जाड. उन्हाळ्यात ते भिंतीवर नुसते पडून असतात. हवा असते, खायलाही असतं, फक्त पाणी नसतं. ओल मिळाली की बीजाणू फुगतो आणि त्यातून धागा फुटतो. धाग्याला फाटे, फाट्यांना आणखी फाटे!

आता जेवणाचं बघा. बुरशीला ना तोंड, ना पोट. ती अन्नावरच पाचकरस सोडते, अन्न बाहेरच्या बाहेर विरघळवते आणि मग शोषून घेते. आधी पचवायचं, मग खायचं! आणि न्हाणीघरात तिला वाढतं कोण? तुम्हीच. साबणाचा चिकट थर, अंगावरचं तेल, घासून निघालेले कातडीचे कण, यांवर तिचं मजेत भागतं.

पाण्याचा थेंबही न उडालेलं छत ओलं कसं होतं, हेही कोडंच आहे. गरम पाण्याची वाफ वर जाते, थंड छताला लागते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. मे महिन्यात हे पाणी लगेच उडून जातं, कारण हवा कोरडी असते. तुमचा कूलर चालतो तो याच जोरावर. जुलैत हवेतच इतकी वाफ असते, की पाणी उडायला मागत नाही. म्हणून तेव्हा कूलर नुसती चिकचिक करतो आणि भिंत ओलीच राहते.

पण सगळ्या बुरशींना एका माळेत ओवू नका हं. शेतात तूर उभ्या उभ्या वाळवणारा मर रोग बुरशीमुळे होतो, आणि तो रोखायला शेतकरी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात. तीही बुरशीच! पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तिथं बुरशीपासून पेनिसिलिन बनू लागलं. तिथल्याच शास्त्रज्ञांना पुढे मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीला मारणारं औषध सापडलं, हॅमायसिन. जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो ना, तोही मुख्यतः याच कुळातल्या जिवाणूंची करामत.

भिंतीसाठी मात्र हॅमायसिन नको. जुन्या घरांत न्हाणीला चुना मारत. ताजा चुना इतका दाहक, की बुरशीचा त्यावर टिकाव लागत नाही. पण हवेनं चुन्याची ही धार हळूहळू जाते, म्हणून तो पुन्हा पुन्हा मारावा लागे. आलेली बुरशी नाकाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्यानं घासावी. कोरडी खरडू नका, बीजाणू घरभर उडतील. वरून नुसता रंग फासणं म्हणजे तिला झाकून ठेवणं, बस्स! झडीत बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा खिडकी उघडूनही फारसं भागत नाही. अशा वेळी वायपरनं भिंत आणि फरशी निपटणं हाच खरा उपाय. हे काम तुम्हालाही जमेल.

ब्लीचिंग पावडरला मात्र तुम्ही हात लावायचा नाही, ते काम मोठ्यांचं. आणि त्यांनाही आठवण करून द्या: ब्लीचिंग पावडर आणि फरशी-संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.